शेत दोघांचं, हिशेब कुणाचा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत शेतीच्या पैशावरून नवरा-बायकोत होणाऱ्या कुरबुरीची पत्रं इतकी होती, की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर टाकले. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत. उत्पन्न, दर आणि खर्चाचे आकडे पत्रं लिहिणाऱ्यांचेच आहेत. तुमच्या गावी ते वेगळे असतील, तेव्हा रीत घ्या आणि आकडे आपले घाला.

प्रश्न : आमची औसा तालुक्यात आठ एकर कोरडवाहू जमीन आहे. पाच एकरांत सोयाबीन-तूर, तीन एकरांत सोयाबीन काढून हरभरा. दिवाळीला पैसा येतो तेव्हा यांचा हात सैल असतो. जून उजाडला की बियाणं, खत, शाळेची पुस्तकं सगळं एकदम अंगावर येतं आणि माझ्याकडे भाजीपुरतेही पैसे नसतात. मागितले की भांडण. गेल्या वर्षी सोयाबीन एकरी 7 क्विंटल झालं, 4,300 रुपयांनी गेलं. तूर 10 क्विंटल, 7,000नं. हरभरा 18 क्विंटल, 5,300नं. खर्च सोयाबीनला एकरी 18,000, तुरीला वरचे एकरी 4,000, हरभऱ्याला एकरी 12,000. एवढं पिकून पैसा जातो कुठे?

उत्तर : ताई, तुम्ही आकडे इतके नीट दिलेत की हिशेब इथंच मांडता येतो. सोयाबीनचे 56 क्विंटल म्हणजे 2,40,800 रुपये. तुरीचे 70,000, हरभऱ्याचे 95,400. एकूण 4,06,200. खर्च : सोयाबीन 1,44,000, तूर 20,000, हरभरा 36,000, मिळून दोन लाख. हाती राहिले 2,06,200. त्याला बारानं भागा. महिन्याला सतरा हजारांच्या थोडं वर. आठ एकरांची तुमची खरी मिळकत एवढीच, आणि तीही तुमच्या दोघांच्या राबण्याची मजुरी न धरता.

आता दिवाळीत काय होतं ते पाहा. खात्यात 2,40,800 दिसतात. त्यातले 1,44,000 आधीच खर्च झालेले असतात, कुठे पीककर्जातून, कुठे कृषी सेवा केंद्राच्या उधारीतून. आपले म्हणावेत असे फक्त 96,800, आणि ते तूर येईपर्यंत म्हणजे जानेवारीपर्यंत पुरवायचे. पण विक्रीची पट्टी हातात आल्यावर माणूस 2,40,800 बघून खर्च करतो. मोटारसायकल, पाहुण्यांचं लग्न, भावाला हातउसने. यात तुमच्या मालकांचा स्वभाव वाईट आहे असं नाही. शेताचा आणि घराचा पैसा एकाच खात्यात असला की कुणाच्याही हातून हेच होतं.

म्हणून खाती दोन करा. एक शेतीचं, जिथे बाजार समितीची पट्टी जमा होईल आणि जिथून बियाणं, खत, मजुरी, कर्जफेड जाईल. दुसरं घराचं, दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणाच्याही सहीनं चालणारं. शेतीच्या खात्यातून दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम घरखात्यात जाऊ द्या. बँकेत एकदा अर्ज दिला की ती आपोआप वळती होते, कुणी कुणाकडे हात पसरायचा प्रश्नच उरत नाही. रक्कम 17,000 ठेवू नका, 13,000 ठेवा. वर्षाचे 1,56,000 झाले. उरलेल्या 50,200 पैकी निम्मे वाईट वर्षासाठी, निम्मे दोघांनी ठरवलेल्या एका कामासाठी : विहिरीचा गाळ, मुलीचं कॉलेज, जे असेल ते. एकच काम ठरवा. तीन ठरवली की एकही होत नाही.

वाईट वर्ष किती वाईट असतं तेही आत्ताच मांडून ठेवा. सोयाबीन 7 ऐवजी एकरी 4 क्विंटल झालं तर 24 क्विंटल घटतं, म्हणजे 1,03,200 रुपये. तुमचे वर्षाला पंचवीस हजार त्याला चार वर्षांनी पुरतील. तोवर पीकविमा भरायचा. खरिपाच्या अन्नधान्य आणि गळित पिकांना शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड टक्का. एक रुपयात विमा होता ते दिवस 2025च्या खरिपापासून गेले.

जूनच्या ओढाताणीवर एक इलाज ऑक्टोबरात आहे. आठ एकरांना एकरी 30 किलो म्हणजे 2.4 क्विंटल बियाणं लागतं. विकतच्या आठ पिशव्या 2,800 रुपयांनी धरल्या तर 22,400 होतात. तेवढंच सोयाबीन घरी ठेवलं तर विक्रीतले 10,320 रुपये कमी येतात. बारा हजार वाचले, जवळजवळ एका महिन्याचा घरखर्च. मात्र ते मळताना यंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आसपास ठेवायला सांगा, नाहीतर बियांचं साल तडकतं आणि उगवण जाते. पोत्यांची थप्पी उंच रचू नका, पोती आपटू नका. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो पुरतं. साठच्या खाली आले तर ते बियाणं नको, विकत घ्या.

प्रश्न : चार संकरित गाई, तीन दुधात, रोज 36 लिटर दूध. धारा, शेण, वैरण सगळं मी करते. दुधाचा दहा दिवसांचा पगार नवऱ्याच्या खात्यात जातो. दर 32 रुपये. मी माझ्या कष्टाचे पैसे मागितले तर म्हणतात, 'खायला तुला कमी आहे का?' (ता. राहुरी)

उत्तर : 'खायला कमी आहे का' असं म्हणणाऱ्यांचं गणित आधी कच्चं आहे आणि नियत कशी आहे ते त्यानंतर कळेल. म्हणून पहिल्यांदा एक पगार दोघांनी मिळून फोडा.

360 लिटरचे 11,520 रुपये. आता पेंड. बारा लिटरच्या गाईला अडीच लिटरमागे एक किलो म्हणजे पाचाच्या जवळ, वर शरीरपोषणाला एक किलो. तीन गाईंचे 18 किलो, भाकड गाईचे दोन. रोजचे 20 किलो, दहा दिवसांत 200 किलो, म्हणजे 50 किलोच्या चार गोण्या. गोणी 1,700 धरली तर 6,800. राहिले 4,720. इथपर्यंत बहुतेक घरांत हिशेब होतो, कारण पेंडीची कपात दूध संस्थेच्या पावतीवरच असते. पुढचा होत नाही. हिरवा चारा चार गाईंना रोज 60 किलो, दहा दिवसांचे 600 किलो, किलोला 3 रुपयांनी 1,800. वाळली वैरण 200 किलो, 8 रुपयांनी 1,600. चारा घरचा असला तरी त्याची किंमत लावायची, कारण त्या वाफ्यात दुसरं काही पिकलं असतं. उरले 1,320 रुपये. यातून डॉक्टर, रेतन, खनिज मिश्रण. शेणखत आणि कालवड ही वेगळी मिळकत, ती वर्षाच्या शेवटी मोजायची.

म्हणजे वाद 11,520 कुणाचे यावर चालला होता आणि प्रत्यक्षात पदरात 1,320 पडत होते. बहुतेक घरांत हे पाहिल्यावर दोघंही गप्प होतात. मग पुढचं बोलणं सोपं जातं : दर कमी का लागतो? गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरलेला असतो, त्याखाली गेलं की कपात. तुमच्या दहा दिवसांच्या पावत्यांवर एसएनएफ 8.2-8.3 दिसत असेल तर गाईला पाणी-खनिज-वैरण काय मिळतं ते आधी बघा. दिवसातून दोनदाच पाणी दाखवत असाल तर गव्हाणीजवळ पाण्याची टाकी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. उसाचं वाढं हाच मुख्य चारा असेल तर तो आधी बदला.

आता तुमच्या हक्काचं. दूध संस्थेत सभासदत्व तुमच्या नावानं घ्या. किती दिवस आणि किती लिटर दूध घातल्यावर सभासद करून घेतात ते संस्थेच्या उपविधीत असतं, सचिवांकडे मागा. सभासद झालात की पगार तुमच्या खात्यात, लाभांश तुमचा, मतही तुमचं. गोठ्याचं कर्ज नवऱ्याच्या नावावर असेल आणि हप्ता पगारातून कपात होत असेल, तर नाव बदलण्याआधी बँकेला आणि संस्थेला एकत्र लेखी कळवा. नाहीतर हप्ता चुकतो आणि खापर तुमच्यावर फुटतं. आणि एक, घरातल्या घरात तुमची मजुरी ठरवा. रोज तीन-साडेतीन तास धरून गावच्या बायकांच्या रोजंदारीच्या हिशेबानं वहीत लिहा. पैसे आज मिळतील न मिळतील. पण ती मजुरी धरल्यावर धंदा तोट्यात दिसला तर चौथी गाय ठेवायची की विकायची, हा निर्णय दोघांना घ्यावाच लागेल.

प्रश्न : आमच्यात दर वर्षी एकच भांडण. बायको म्हणते सोयाबीन दिवाळीआधी विका, मी म्हणतो थांबू, भाव वाढेल. 40 क्विंटल आहे. कोण बरोबर?

उत्तर : भाव कुणालाच माहीत नसतो, पण थांबण्याची किंमत माहीत करून घेता येते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना तुमच्या बाजार समितीत चालू असेल तर माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, 6 टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. 40 क्विंटल, 4,300चा भाव, किंमत 1,72,000. उचल 1,29,000. सहा महिन्यांचं व्याज 3,870, म्हणजे क्विंटलला 97 रुपये. शिवाय घट. 12 टक्के ओलाव्याचा माल 10 टक्क्यांवर आला की वजन सव्वादोन टक्क्यांच्या जवळ कमी होतं, क्विंटलला आणखी 95. हमाली, वाहतूक वेगळी. तेव्हा भाव 4,500च्या वर जाईल असं वाटत असेल तरच थांबण्यात अर्थ आहे, आणि 4,500ला विकलं तरी कमाई शून्य.

बायकोचं म्हणणं बहुधा भावाबद्दल नसतंच. तिला दुकानदाराची उधारी आणि दिवाळी दिसत असते. उचलीतून ती भागली तर तिचा विरोध उरतो का ते विचारा. आम्ही तर सांगू, अर्धं विका. 20 क्विंटल दिवाळीआधी, 20 तारणात. आणि तारण ठेवताना विक्रीचा भाव आणि शेवटची तारीख दोन्ही वहीत लिहून दोघांनी सह्या करा. 'अजून थोडं थांबू'मध्येच सहा महिने उलटतात, मग मुदत संपली म्हणून पडेल त्या भावानं द्यावं लागतं. गोदामभाडं कुणी भरायचं हे समितीत आधी विचारून घ्या.

प्रश्न : सहा एकर, कापूस आणि थोडा ऊस. मला रोटाव्हेटरसह ट्रॅक्टर घ्यायचा आहे. 8 लाख किंमत, 2 लाख रोख, 6 लाख कर्ज 11 टक्क्यांनी, पाच वर्षं, सहामाही हप्ते. बायकोला आधी ठिबक पाहिजे. दोन महिने घरात धुसफूस चालू आहे. गेल्या वर्षी भाड्याच्या ट्रॅक्टरला 42,000 दिले. (ता. गेवराई)

उत्तर : तुमचा सहामाही हप्ता साधारण 79,600 बसतो. वर्षाला 1,59,200. स्वतःच्या रानाचं भाडं 42,000 वाचलं, पण डिझेल तुमचंच लागेल. त्याचे 16,000 धरले तर खरी बचत 26,000. विमा आणि सर्व्हिसिंगचे 15,000 घाला. म्हणजे दर वर्षी 1,48,200 रुपये दुसऱ्यांच्या रानात काम करून मिळवायचे. एकरी रोटाव्हेटरला 1,600 भाडं मिळालं, त्यातून डिझेल 600, ड्रायव्हर 200, झीज 150 वजा केली तर हाती 650. भागाकार 228 एकर. रोजचे सहा-सात एकर होत असतील तर तेहतीस-अडतीस दिवस, आणि तेही एप्रिल ते जून आणि दिवाळीच्या पुढेमागे, जेव्हा गावातले सगळेच ट्रॅक्टर रानात असतात. गावात आज ट्रॅक्टर किती आहेत ते मोजा. भाड्याचे पैसे रोख मिळतात की माल निघाल्यावर, तेही विचारा. आमच्या मते सहा एकरांवर हा हिशेब बसत नाही.

तरी तुमच्या बाजूनंही एक गोष्ट आहे आणि ती घरात मांडली जात नाही. पाऊस पडून वाफसा आला आणि भाड्याचा ट्रॅक्टर चार दिवस मिळाला नाही, तर पेरणी लांबते. हा तोटा खरा असतो. पण तो 'माझी अडचण तुला कळत नाही' असा बोलून दाखवण्यापेक्षा एक हंगाम लिहून काढा : कोणत्या कामाला किती दिवस थांबावं लागलं आणि त्यानं काय बिघडलं. पन्नास-साठ हजारांच्या पुढे तोटा निघाला तर बायकोलाही ट्रॅक्टर नाकारणं जड जाईल.

ठिबक आधी घेणं बरं, कारण त्यात सरकारचा पैसा आहे. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला केंद्र-राज्य मिळून 80 टक्के, त्यावर 75 टक्के अनुदान. सहा एकर म्हणजे 2.4 हेक्टर, तुम्ही 75मध्ये बसता. ही टक्केवारी सरकारनं ठरवलेल्या खर्चमर्यादेवर असते, दुकानदाराच्या बिलावर नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा आणि पूर्वसंमती आल्याशिवाय संच बसवायचा नाही. आधी बसवला की अनुदान गेलं, आणि मग घरात 'तूच घाई केलीस' सुरू होतं. पैसे आधी स्वतः भरावे लागतात, अनुदान मागाहून खात्यात येतं. तेव्हा ट्रॅक्टरसाठी बाजूला काढलेले 2 लाख इथे फिरतील आणि त्यातले बरेचसे परत येतील.

पुढे कधी ट्रॅक्टर घेतलाच, तर हप्त्याच्या तारखा डिसेंबर-जून घेऊ नका. जूनमध्ये कापूसवाल्याच्या घरात पैसा नसतो. कापसाचा आणि उसाचा पैसा कधी येतो ते सांगून वर्षाचा एकच हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये मागा.

प्रश्न : यांनी मला न सांगता एका माणसाकडून शेकडा 3नं एक लाख घेतलेत. जामीनदाराचा फोन आला तेव्हा कळलं. पीककर्ज 1,60,000 आहे, कृषी केंद्राची उधारी 38,000, आणि माझ्या नावावर गटाची 40-40 हजारांची दोन कर्जं. आता म्हणतात, तू तिसरं कर्ज काढ, सावकाराचं फेडू.

उत्तर : तिसऱ्या कर्जावर आत्ता सही करू नका. आधी सगळं कर्ज कागदावर येऊ द्या.

हे बोलणं मुलांसमोर आणि रात्री जेवताना काढायचं नाही. 'का घेतलं' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. त्यावर एक तर राग येतो नाहीतर खोटं. 'कुणाकुणाचं, किती, कधीपासून, काय दरानं, जामीन कोण, कोरा चेक किंवा सही केलेला स्टॅम्प दिलाय का' एवढंच विचारा आणि लिहून घ्या. चेकचे नंबरसुद्धा. बँका, पतपुरवठा कंपन्या, सूक्ष्म कर्जं यांची खातरजमा दोघांच्या क्रेडिट रिपोर्टवरून होते. प्रत्येकाला वर्षातून एकदा तो पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि आपण कुणाला जामीन राहिलो असलो तर बहुधा तेही त्यात दिसतं. खासगी सावकार मात्र त्यात दिसत नाही. तिथे माणसाच्या तोंडावरच भरवसा.

शेकडा 3 म्हणजे वर्षाला 36 टक्के, लाखाला 36,000. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 प्रमाणे परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. जमीन लिहून घेतली असेल तर चौकशी करून ती परत देण्याचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. तक्रार करायची की आधी बोलून मुद्दलावर तडजोड करायची, हे तुमचं तुम्ही गावची परिस्थिती पाहून ठरवा. पण कायदा तुमच्या बाजूला आहे हे माहीत असलं की बोलणाऱ्याचा आवाज बदलतो.

गटाचं तिसरं कर्ज व्याजाला 36पेक्षा स्वस्त दिसेल. अडचण हप्त्यांची आहे. शेतीत पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो आणि हप्ता दर आठवड्याला किंवा महिन्याला. रिझर्व्ह बँकेच्या 2022च्या नियमांप्रमाणे घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून मासिक हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. तुमचे हप्ते आज किती होतात ते मोजा. निम्म्याच्या जवळ असाल तर कर्ज देणाऱ्यानंही देऊ नये.

फेडीचा क्रम असा ठेवा. पीककर्ज मुदतीत, काही झालं तरी. तीन लाखांपर्यंत मुदतीत भरलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की सवलत जाते, 1,60,000वर 7 टक्क्यांनी 11,200 आणि पुढचं कर्ज अडकतं. मार्चमध्ये नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं पीककर्ज भरून लगेच नवं उचलायला, चार दिवसांसाठी सावकाराकडून रक्कम घेतात, तो महिन्याचं व्याज म्हणून 4,800 कापतो. एखाद्या वर्षी 11,200पेक्षा ते परवडलं असं वाटेल, पण सावकाराचं दार त्यातूनच उघडं राहतं. त्यानंतर गटाचा हप्ता, कारण तो चुकला तर शेजारणींच्या पदरी पडतो. मग हातात येईल ती रक्कम सावकाराच्या मुद्दलात, पावती किंवा निदान दोन साक्षीदारांची सही घेऊन. खात्यातून खात्यात दिलेत तर उत्तम. कृषी केंद्राचं शेवटी, पण तिथे उधारीचा दर आणि रोखीचा दर यातला फरक विचारा. खताच्या पिशवीवर छापील किमतीपेक्षा जास्त लावलं असेल तर ते कापून मागता येतं.

पुढे असं होऊ नये म्हणून एक मर्यादा ठरवा. 2,000च्या वरचा कोणताही खर्च, उसनवारी किंवा जामीनकी दुसऱ्याला सांगितल्याशिवाय नाही. जामीनकी मुद्दाम लिहिली. तिच्यात पैसा दिसत नाही म्हणून ती सांगायची राहून जाते.

आणि यांच्या बोलण्यात 'आता सगळं संपवतो' असं काही येत असेल तर हिशेब बाजूला ठेवा. त्यांना एकटं सोडू नका, कीटकनाशकं कुलुपात ठेवा आणि 14416 या टेलि-मानसच्या मोफत नंबरवर बोला. मराठीतून बोलता येतं.

प्रश्न : फवारणी कोणती, मजूर किती, पाणी कधी, रोजच खटके उडतात. दोघंही रानातच असतो.

उत्तर : कामं वाटून घ्या आणि ज्याचं काम त्याचा शब्द शेवटचा. पाणी आणि फवारणी एकाकडे, मजूर आणि वेचणी दुसऱ्याकडे. दुसऱ्यानं मत द्यायचं, पण मजुरांसमोर नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास बसा. मागच्या आठवड्याचा खर्च, पुढच्या आठवड्याची तीन कामं, लागणारे पैसे. वही तिथेच लिहायची. जो खर्च करतो त्यानं लिहायचं नाही, ज्यानं ऐकला त्यानं लिहायचं. एवढ्यानं निम्मे गैरसमज जातात.

प्रश्न : पैसे मागितले की हात उचलतात. माझं एटीएम कार्डही त्यांच्याकडेच.

उत्तर : ताई, वरची वही, खाती, बैठका यातलं काहीही तुम्हाला लागू नाही. घरखर्चाला पैसे न देणं, तुमची कमाई काढून घेणं हा 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे आर्थिक छळ आहे, मारहाण तर आहेच. तातडीला 112, मदतीला 181. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार लिहून देता येते. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना उत्पन्न न बघता मोफत देतं. बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद करा आणि खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडा. हे आजच करा.

प्रश्न : बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची माझी इच्छा आहे. घरचे म्हणतात, कर्ज मिळणार नाही, पीएम-किसान बंद होईल, उद्या ती माहेरी घेऊन जाईल. (ता. करवीर)

उत्तर : लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे. नवऱ्यानं स्वखुशीनं तलाठ्याकडे अर्ज द्यायचा की माझ्या क्षेत्रावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावा. सोबत सातबारा, आठ-अ, दोघांचे आधार आणि नात्याचा पुरावा. तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जमीन भावांबरोबर सामाईक असेल तर फक्त तुमच्या हिश्शापुरतं. जमीन अजून वडिलांच्या नावावर असेल तर आधी तुमचा हिस्सा सातबाऱ्यावर आला पाहिजे, त्याशिवाय अर्ज चालत नाही.

कर्ज बंद होत नाही. पुढच्या पीककर्जाला दोघांच्या सह्या लागतील, एवढंच. आधीचा बोजा तसाच राहतो. पीएम-किसान नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एका कुटुंबाला एकदाच मिळतं. तिच्या नावानं दुसरे 6,000 येणार नाहीत, तुमचे बंदही होणार नाहीत. माहेरच्या भीतीबद्दल इतकंच की अख्ख्या जमिनीच्या विक्रीला दोघांची सही लागेल, म्हणजे तिला एकटीला ती विकता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. घरच्यांची खरी अडचण बहुधा हीच असते.

मात्र सातबाऱ्यावरची नोंद हा महसुली अभिलेख आहे, केवळ तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलेलं आहे. जमीन तुम्ही स्वतः घेतलेली असेल आणि तिला पक्की मालकी द्यायची असेल तर दुय्यम निबंधकांकडे नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. वडिलोपार्जित असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय नको, मुलींचाही त्यात जन्मानं हिस्सा आहे. बँक खात्याचं वारसनामांकन तिच्या नावावर असलं तरी ती पैसे स्वीकारणारी असते, मालक वारस ठरतात. मृत्युपत्र नसेल तर तुमच्या हिश्शाचे बायको, मुलगे, मुली आणि तुमची आई असे सारखे वाटेकरी.

फेरफार प्रमाणित झाल्यावर नवीन डिजिटल सातबारा काढून नावाचं स्पेलिंग आधारशी ताडून बघा. 'सुनिता' आणि 'सुनीता' एवढ्या फरकानंही पुढे बँकेत आणि शेतकरी ओळख क्रमांक काढताना अडतं. चूक दिसली तर तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज तलाठ्याकडे द्या आणि पोच घ्या.